ताकत वेगळी, तवानाई वेगळी

मला राग फार लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं मी परीक्षकाच्या टेबलावर खडू आपटला असं आलं, की वाचणाऱ्यानं दचकू नये. आमची माय म्हणायची, सगळ्यांच्या नाकावर राग असतो, ह्याच्या रागावरच नाक बसवलंय. आता ऐंशी उलटली, दात गेले, केस गेले, राग तेवढा आहे तिथंच आहे.

जन्मभर मी विजेचं काम केलं. त्या धंद्याचं सगळं शहाणपण शेवटी दोन हिशेबांत मावतं. व्होल्ट म्हणजे वीज किती जोरानं ढकलली जाते ते. अँपिअर म्हणजे प्रत्यक्षात किती वाहते ते. व्होल्टला अँपिअरनं भागा, वाटेत अडथळा किती आहे ते ओहममध्ये कळतं. व्होल्टला अँपिअरनं गुणा, वॅट मिळतात. एक भागाकार, एक गुणाकार. चौथीतलं पोर करील. पण ह्या एका गुणाकारानं एकदा मला असा घाम फोडला, की आमचं बिऱ्हाड उचलायची वेळ आली होती.

गोष्ट आदिलाबादची आहे, राज्यांची नवी वाटणी झाली त्यानंतरच्या वर्षातली. तेव्हा निर्मल, मंचेरियल सगळं आमच्याच जिल्ह्यात होतं. आता त्यांचे वेगळे जिल्हे झालेत, आणि नकाशात आपलं गाव शोधायला मला नातवाला हाक मारावी लागते. असो. त्या वाटणीत आमचा जिल्हा तेलुगु राज्यात राहिला आणि शेजारचा काही मुलूख मराठी राज्यात गेला. माझ्याबरोबर शाळेत असलेली निम्मी पोरं पैनगंगा ओलांडून पलीकडं गेली. आम्ही राहिलो. राहिलो म्हणजे, वडलांनी जायला साफ नकार दिला म्हणून राहिलो.

वडील तहसिलीत पेशकार होते. तहसीलदारापुढं कागद मांडायचे, त्यावर झालेला हुकूम लिहून घ्यायचा, हे त्यांचं काम. निजामाच्या काळात हे सगळं उर्दूत चालायचं, आणि बाबांचं उर्दू असं की तहसीलदार आपली चिठ्ठीसुद्धा त्यांच्याकडून तपासून घ्यायचे. घरात आम्ही सगळे ‘काऊन’ आणि ‘करून राह्यलो’ बोलणारे, पण बाबांच्या हातात बोरू आला की लखनौ अवतरायचं. मग संस्थान गेलं. पहिली काही वर्षं दफ्तरात कधी इंग्रजी, कधी मराठी, कधी उर्दू असं चाललं होतं, तीन तिगाडा काम बिगाडा. वाटणी झाली आणि तेलुगु आली. बाबांचं टेबल आधी खिडकीपासून हललं, मग रेकॉर्डच्या खोलीत गेलं, आणि शेवटी त्यांना सांगण्यात आलं की आता आराम करा.

आराम कसला करतात. रोज सकाळी दहाच्या ठोक्याला टोपी घालून, चष्मा लावून ओट्यावर येऊन बसायचे. पाच वाजता उठायचे. मधे कुणी रस्त्यानं कागद घेऊन चाललं असलं तर आशेनं बघायचे. पूर्वी लोक रांग लावून कागद वाचून घ्यायचे. आता कागदच असे यायचे की त्यातलं एक अक्षर बाबांना लागत नव्हतं. माय म्हणायची, दफ्तर बंद पडलं पण पेशकार चालूच आहे. ती थट्टा करायची खरी, पण दहा वाजता त्यांचा चहा ओट्यावरच नेऊन द्यायची.

मी तेव्हा कापसाच्या जिनिंगमध्ये तारांचं काम करत होतो. कुणी शिकवलं नव्हतं. मोटरी बंद पडायच्या, मी उघडून बघायचो, दोनचार झटके खायचो आणि त्या चालू व्हायच्या. मालकाला तेवढं पुरे होतं. पण नवं राज्य, नवे कायदे. सरकारी फतवा निघाला की परवाना नसलेल्या माणसानं तारेला हात लावायचा नाही. परवान्यासाठी मंचेरियलला तोंडी परीक्षा. मालकानं सांगितलं की दिवाळीनंतर कापूस यायला लागेल, तोवर परवाना आण, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. वाईट माणूस नव्हता, त्याचंही खरंच होतं.

आता ह्यात गोम अशी होती. पैनगंगेपलीकडं माझ्या मामानं एका कचेरीत माझ्यासाठी कारकुनाची जागा धरून ठेवली होती. त्याचं महिन्याला एक पत्र यायचं, तिथं काय करून राह्यलात, इकडं या, इकडं सगळं मराठीत आहे. बाबांनी एका पत्राला स्वतः उत्तर लिहिलं. पोराला परवाना मिळाला तर राहतो, नाही मिळाला तर बिऱ्हाड घेऊन येतो, असं कबूल करून टाकलं. ते पत्र मलाच टपालात टाकायला दिलं, आणि म्हणाले, “दफ्तर गेलं. आता गाव बी जाते का काय ते तुह्या हातात हाय.”

असं काही मला सांगू नये. मला राग आला, म्हटलं मी काय मुद्दाम नापास होणार आहे का. पण त्यांचा चेहरा बघितला आणि पत्र टाकलं.

परवान्याचा अर्ज भरायला खिडकीवर गेलो तिथं पहिली ठिणगी उडाली. छापील अर्जात एक रकाना होता, येत असलेल्या भाषा. मी लिहिलं, मराठी, उर्दू. खिडकीतला कारकून नवा होता, तरुण, तांबड्या शाईचा मोठा शौकीन. त्यानं अर्ज बघितला, आणि माझ्या देखत ‘उर्दू’वर तांबडी रेघ ओढली. म्हणाला, ही आता चालत नाही, तेलुगु लिहा. मी म्हटलं, भाषा मला येते का ते विचारलंय, चालते का ते नाही विचारलेलं. तो म्हणाला, अर्ज द्यायचा आहे की परत न्यायचा आहे. मागं रांग होती. मी दात खाऊन लिहिलं, ‘तेलुगु – थोडी’. थोडी म्हणजे किती? बाजारात वांगी घेण्यापुरती. ‘एंत’ म्हणजे किती, ‘कादु’ म्हणजे नाही, ‘तप्पु’ म्हणजे चूक. एवढ्यावर माझा संसार आजवर बरा चालला होता.

अर्ज आम्हालाच परत द्यायचे, परीक्षेला बरोबर न्यायला. घरी बाबांनी तो हातात घेतला. तांबड्या रेघेवर बोट ठेवलं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, निजामापासून सुरू करतील. पण ते म्हणाले, “खोडलं तं बाजूनं सही पाह्यजे. सही नाई. कच्चं काम हाय.”

बस, एवढंच. सरकारी कागदात खाडाखोड झाली की खोडणाऱ्यानं बाजूला सही करायची, हा त्यांच्या दफ्तराचा पहिला धडा होता. आपली सगळी विद्या एका रेघेनं खोडली गेली, त्याचं दुःख त्यांनी केलं नाही. बाजूला सही नाही, ह्याचं केलं. मी वैतागलो आणि जेवायला बसलो.

परीक्षेचा अभ्यास कशावरून करायचा, हा पुढचा प्रश्न. माझी शाळा आठवीपर्यंत उर्दूत झालेली, मग एका सुट्टीत सगळं मराठी झालं. म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या. मराठीतलं एक पदार्थविज्ञानाचं पुस्तक होतं माझ्याकडं, नागपूरकडून आलेलं, पण त्याचं विजेचं प्रकरणच कुणीतरी फाडून नेलं होतं. शेवटची दोन पानं तेवढी राहिली होती, त्यावर सूत्रं होती. विरोध बरोबर व्होल्ट भागिले अँपिअर. शक्ती बरोबर व्होल्ट गुणिले अँपिअर. ते मी पाठ केलं. मग बाबांनी त्यांच्या पेटीतून एक जाड उर्दू पुस्तक काढलं, हैदराबादला छापलेलं, विजेवरचं. त्यांच्याकडं ते का होतं, देव जाणे. म्हणाले, रेकॉर्डच्या खोलीतून रद्दीत चाललं होतं, कागद चांगला होता म्हणून आणलं.

दुसऱ्या दिवसापासून दहा वाजता ओट्यावर शाळा भरायला लागली. मास्तर कोण, तर ज्यानं आयुष्यात बटण दाबून दिवा लावला नाही असा माणूस. आमच्या घरी तेव्हा वीज नव्हती, कंदील होता. पण उर्दू वाक्य वाचून त्याचा अर्थ काढायचा म्हटलं, की बाबांना कुठलंच शास्त्र परकं नव्हतं.

पहिल्याच दिवशी गाडं अडलं. पुस्तकात ओहमच्या अडथळ्याला शब्द होता, मुझाहमत. आता तहसिलीत मुझाहमत म्हणजे गुन्हा. मोजणीदार शेतात साखळी घेऊन गेला आणि मालक बांधावर आडवा झोपला, की त्यावर मुझाहमतीची केस व्हायची. बाबांनी असल्या शंभर केसा लिहिल्या होत्या. त्यांनी वाक्य वाचलं, ‘हर तार में कुछ ना कुछ मुझाहमत होती है’, चष्मा काढला, आणि गंभीरपणे मला विचारलं की मग तारेला शिक्षा काय होते.

मी हसलो नाही, कारण तेच माझे मास्तर होते. म्हटलं, बाबा, तार गरम होते, तीच शिक्षा. त्यांना ते पटलं. इतकं पटलं, की तिथून पुढं त्यांनी सगळी वीज तहसिलीत बसवून टाकली. हुकुमात जोर किती, ते व्होल्ट. हुकूम घेऊन गावात प्रत्यक्ष शिपाई किती पोचले, ते अँपिअर. वाटेत गाव किती आडवं आलं, ती मुझाहमत. जोर तोच आणि शिपाई कमी पोचले, तर समजावं की मुझाहमत जास्त. मला सांगा, ह्यात चूक काय आहे? पुढं किती तरी वर्षं मी हाताखालच्या माणसांना हेच सांगून शिकवलं.

मग मला गणितं घालायचे. दोनशे वीस व्होल्ट, दोन अँपिअर, मुझाहमत बोल. एकशेदहा ओहम. आता ताकत बोल. ताकत म्हणजे पुस्तकातला शब्द, मराठीत शक्ती, वॅटमध्ये मोजतात ती. चारशे चाळीस वॅट, म्हणायचो मी. ते मान हलवायचे आणि म्हणायचे, आता तवानाई बोल.

ही तवानाई, हल्ली पुस्तकांत जिला ऊर्जा म्हणतात ती, मला नको झाली होती. मराठी पुस्तकाच्या त्या दोन पानांत तिचा पत्ताच नव्हता. मी म्हणायचो, ताकत काढली ना, पुन्हा तवानाई कशाला, एकच आहे ते. बाबा चिडायचे. रागाची आमच्या घरात पिढीजात बागाईत आहे. म्हणायचे, वॅट लिहिलं, पण किती घंटे चाललं ते कुठं आहे? तारीख नसलेला हुकूम हा हुकूम नसतो. शेवटी एक दिवस मी पुस्तक मिटून उठायला लागलो, तेव्हा त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं.

“नार्नूरहून उटनूरला गाडी निंघाली,” ते म्हणाले. “जुपल्याबरोबर दोनी बैल सारखेच वढतात. ते ताकत. उटनूरले पोचेपर्यंत कोन किती वढला, ते तवानाई. ताकत सकाळीच दिसते लेका, तवानाई संध्याकाळी कळते.”

हे मात्र डोक्यात शिरलं. ताकत गुणिले वेळ, तवानाई. पण शिरलं म्हणजे बाबांच्या उर्दूत शिरलं. मराठीत मी आपला ‘शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर’ हेच पाठ करून मंचेरियलच्या बसमध्ये बसलो. निघताना मायनं दह्याचा चमचा तोंडात घातला. बाबा ओट्यावर होते, टोपी घालून. शुभेच्छा वगैरे काही नाही. अर्ज घडी न करता ने, एवढं बोलले.

परीक्षेची खोली मोठी होती. भिंतीला काळा फळा, मधे टेबल, टेबलावर लाकडी फळी, तिच्यावर व्होल्टचं मीटर, अँपिअरचं मीटर आणि एक विजेची शेगडी. टेबलामागं परीक्षक साहेब, समुद्राकाठच्या जिल्ह्यातून नवे बदलून आलेले, शांत, गोल चेहऱ्याचे. त्यांच्या बाजूला एक म्हातारे ओव्हरसीअर बसले होते, निजामाच्या वेळेपासूनचे, दाढी पांढरी, शेरवानीचं वरचं बटण लावलेलं. ते काही विचारत नव्हते. नुसते निकाल अर्जावर लिहीत होते आणि मधूनमधून पेंगत होते.

माझी पाळी आली. साहेबांनी अर्ज बघितला, ‘तेलुगु – थोडी’ वाचलं, आणि त्यांचा चेहरा फुलला. त्यांना वाटलं, हा मराठी गडी हौसेनं तेलुगु शिकतोय, तर ह्याला तेलुगुतच विचारावं. भल्या मनानंच केलं हो त्यांनी. पण त्या तांबड्या शाईवाल्यानं मला कुठल्या खड्ड्यात ढकललंय, हे मला तेव्हा कळलं.

त्यांनी शेगडी चालू केली. मीटर बघ म्हणून खूण केली. दोनशे वीस व्होल्ट, चार अँपिअर. मग विचारलं, “निरोधं एंत?” रोध, विरोध, निरोध, भाऊबंदच वाटले. भागाकार केला, पंचावन्न ओहम म्हणालो. साहेब खूष. माझी छाती दोन बोटं फुगली. म्हटलं एवढंच तर आहे, उगाच घाबरलो.

मग ते म्हणाले, “अर गंटकु शक्ति एंत?”

अर गंट म्हणजे अर्धा तास, हे मला बाजारातून माहीत. शक्ती तर माझी पाठच. मला वाटलं, साहेब म्हणताहेत की घे अर्धा तास, आणि शक्ती किती ते सांग. म्हटलं, काय दिलदार माणूस आहे! एका गुणाकाराला अर्धा तास! आणि अर्धा तास घ्यायला मी काय बैल आहे का? एका मिनिटाच्या आत फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, आठशे ऐंशी वॅट. आणि ऐटीत वळलो.

साहेब म्हणाले, “तप्पु.”

चूक? मी पुन्हा गुणलं. दोनशे वीस चोक आठशे ऐंशी. ब्रह्मदेव आला तरी आठशे ऐंशी. साहेबांनी मान हलवली, तप्पु. मी बोटांवर मोजून दाखवलं. तप्पु. मागं बसलेल्यांत खसखस पिकली. माझे कान तापायला लागले. साहेबांना वाटलं बिचाऱ्याचा गोंधळ होतोय, जरा मदत करावी. ते फळ्यावरच्या माझ्या आकड्याकडं बोट करून, एकेक शब्द सुटा करत, समजुतीच्या आवाजात म्हणाले, “सामर्थ्यं कादु. शक्ति.”

सामर्थ्य नाही! कादु म्हणजे नाही, तेवढी तेलुगु येत होती मला. भर खोलीत, सगळ्यांदेखत, हा माणूस माझ्याकडं बोट करून सांगतोय की तुझ्यात सामर्थ्य नाही, शक्ती नाही. बस. मी खडू टेबलावर आपटला. त्याचे दोन तुकडे झाले, एक साहेबांच्या मांडीवर गेला. मी मराठीत सुरू झालो. सामर्थ्य नाही म्हणता? जिनिंगची बंद पडलेली मोटर माझ्याशिवाय कुणी चालू करून दाखवावी. गुणाकार बरोबर आहे, आणि तुम्ही चूक म्हणता, वर माझं सामर्थ्य काढता? असं बरंच. साहेबांना एक अक्षर कळलं नसावं, पण आवाजाला भाषा लागत नाही. त्यांचा गोल चेहरा लाल झाला. त्यांनी दाराकडं हात केला आणि पुढच्या माणसाचं नाव घ्यायला कागद उचलला.

आणि तेव्हा मी भानावर आलो. खरं सांगतो, मला दिसले ते बाबा. मामाच्या गावातला कुठला तरी भाड्याचा ओटा, आणि दहा वाजता टोपी घालून त्यावर बसायचं की नाही, ह्या विचारात उभे राहिलेले बाबा. एका खडूपायी मी त्यांना नदीपलीकडं पाठवलं होतं.

दाराकडं वळलो तोच मागून घोगरा आवाज आला. म्हातारे ओव्हरसीअर जागे झाले होते. म्हणाले, “मियाँ, साब ताकत नईं पूछ रैं. तवानाई पूछ रैं.”

तवानाई! अहो, त्या खोलीत तो शब्द ऐकला आणि आमचा ओटाच तिथं आल्यासारखं झालं मला. मी जागच्या जागी वळलो. अर्धा तास! अर्धा तास मला विचार करायला दिलेला नव्हताच, तो शेगडीला होता. शेगडी अर्धा तास चालली तर तवानाई किती, असं ते विचारत होते. खडूचा उरलेला तुकडा उचलला आणि आठशे ऐंशीच्या खाली लिहिलं, चारशे चाळीस वॅट-तास. मग म्हाताऱ्यांकडं बघून उर्दूत सांगितलं की वरची ताकत, खालची तवानाई, आणि ताकत सकाळीच दिसते, तवानाई संध्याकाळी कळते.

ओव्हरसीअर खुदकन हसले. मग त्यांनी साहेबांना तेलुगुत सगळं उलगडून सांगितलं, आणि मला उर्दूत. तेलुगुत शक्ती म्हणतात ती तवानाई, जिला वेळ लागतो ती. आणि वॅटवाल्या ताकतीला तेलुगुत सामर्थ्यं म्हणतात. म्हणजे साहेब मला एवढंच सांगत होते की तू काढलंस ते सामर्थ्यं, मी ते नाही विचारलं, मी शक्ती विचारली. आमच्या मराठी पुस्तकात मात्र वॅटलाच शक्ती. शब्द दोघांचा एकच, अर्थ दोन, आणि मधे मी खडू आपटणारा गाढव.

साहेबांनी मांडीवरचा खडूचा तुकडा उचलून हळूच टेबलावर ठेवला. मी हात जोडले. तसे ते हसायलाच लागले. पोट धरून हसले. आपल्या छातीवर बोट ठेवून म्हणाले, “मराठी – थोडी.” आणि ओव्हरसीअरना खूण केली की लिहा, पास.

ओव्हरसीअर निकाल लिहायला लागले आणि थांबले. त्यांना ती तांबडी रेघ दिसली. विचारलं, हे कुणी काटलं? मी सांगितलं. विचारलं, तवानाई कुठं शिकलास, शाळेत तर आता हे शिकवत नाहीत. म्हटलं, वडलांनी शिकवलं, तहसिलीत पेशकार होते, आता घरी असतात. त्यांनी दौतीत टाक बुडवला, रेघेच्या वरच्या बाजूला पुन्हा ‘उर्दू’ असं लिहिलं, आणि शेजारी उर्दूत आपली वळणदार सही केली. साहेब बघत होते. त्यांनी नको म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. बाबा ओट्यावर होते. मी लांबूनच ओरडलो की पास झालो. माय पदराला हात पुसत बाहेर आली, शेजारणीला हाक मारून आली, गूळ आणायला परत आत गेली. बाबा जागचे हलले नाहीत. हात पुढं केला. अर्ज.

मी घडी न केलेला अर्ज दिला. त्यांनी चष्मा लावला. निकालाच्या रकान्याकडं बघितलंच नाही, थेट भाषांच्या रकान्यावर गेले. तांबडी रेघ, तिच्यावर नवं अक्षर, आणि शेजारी सही. सही त्यांनी दोनदा वाचली, ओठ हलवून. मग अर्ज गुडघ्यावर ठेवून नीट सपाट केला.

“आता पक्कं काम झालं,” ते म्हणाले. चष्मा काढून टोपीच्या टोकानं पुसत बसले, पुसतच बसले. मी रागीट माणूस, मला रडणं जमत नाही. पण त्या दिवशी ओट्याच्या पायरीवर बसून मी पोरासारखा रडलो, आणि माय गुळाची वाटी घेऊन दारात तशीच उभी राहिली.

मग बाबांनी मला सगळं सांगायला लावलं, पहिल्यापासून, जबानी घेतात तसं. खडूचं ऐकून रागावले. सामर्थ्यं कादु ऐकून मात्र असे हसले, की माय म्हणाली, वाटणी झाल्यापासून हा माणूस आज पहिल्यांदा हसला. हसणं संपल्यावर पेटीतून उर्दू पुस्तक मागवलं, आणि म्हणाले, तेलुगुत ताकतीला काय म्हणतात म्हणालास, पुन्हा सांग. तवानाईला काय? हळू सांग.

ते पुस्तक माझ्याकडं आहे. पानं पिवळी झालीत, कोपरे वाळवीनं खाल्लेत. माझ्यानंतर ते वाचू शकणारं घरात कुणी नाही, नातू तर त्यातलं उजवं-डावंही ओळखत नाही. पण विजेच्या प्रकरणात समासात बाबांच्या बारीक अक्षरातल्या दोन ओळी आहेत. ताकत, मराठीत शक्ती, तेलुगुत सामर्थ्यं. तवानाई, तेलुगुत शक्ती. छापील मजकुरात भर घातली होती ना त्यांनी, म्हणून बाजूला, नियमाप्रमाणं, सही आहे.